वृक्षतोड आणि ओढ्यातले मासे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की कोकणातल्या ओढ्यांना तांबडे पाणी येते आणि त्या पाण्यातून खालचे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. याला आपल्याकडे वलगण म्हणतात. पोटात गाबोळी घेऊन निघालेले हे मासे पार शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतात, आणि रात्री कंदील व टोपल्या घेऊन माणसे त्यांच्या वाटेवर उभी राहतात. ज्याने लहानपणी वलगण पाहिली आहे त्याला एक गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. मासा पाण्यात राहतो हे खरे. परंतु ज्या ओढ्यात तो अंडी घालतो त्या ओढ्याचा काठ, काठावरची झाडी आणि वरच्या डोंगराची माती यांच्याशी त्याचे आयुष्य बांधलेले असते. डोंगरावर कुऱ्हाड चालली तर तिचा घाव कोठवर पोहोचतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने अभ्यास झाला तो आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पॅसिफिक महासागराला लागून असलेल्या ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत. तेथला किनाऱ्यालगतचा डोंगराळ मुलूख पावसाळी आहे. उतारांवर डग्लस फर नावाचा सूचिपर्णी वृक्ष दाट उभा असतो. दोनशे फुटांहून उंच जाणारा, पाचशे-सातशे वर्षे सहज जगणारा. इमारती लाकूड म्हणून त्याची ख्याती आपल्या सागवानासारखी. आणि त्याच उतारांवरून उतरणाऱ्या ओढ्यांत सामन मासा जन्म घेतो. म्हणजे एकाच डोंगराच्या पोटी निसर्गाने दोन संपत्ती ठेवल्या, आणि एकीचा उपभोग घेताना दुसरीला धक्का लागावा अशी त्यांची गुंफण केली.

सामनाच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या कोहो नावाच्या जातीचे जीवन असे: शरद ऋतूतल्या पावसाने ओढे भरले की समुद्रातून मोठे मासे वर चढतात. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळाच्या गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती पुन्हा खड्यांनी झाकते. इतके झाले की नर व मादी दोघेही मरतात. अंडी मात्र महिनोन्‌महिने त्या खड्यांखाली असतात, आणि खड्यांच्या फटींतून झिरपणाऱ्या गार पाण्यातला प्राणवायू घेऊन जगतात. पिले बाहेर पडल्यावर सुमारे एक वर्ष ओढ्यातच काढतात, मग समुद्रात जातात आणि आयुष्याच्या तिसऱ्या वर्षी बहुधा त्याच ओढ्यास परत येतात. हे सारे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पाणी गार हवे, खड्यांच्या फटी गाळाने बुजलेल्या नकोत, आणि पिलांना दडावयास व विसावयास डोह हवेत. या तिन्ही गोष्टी ओढ्याला झाडे देतात.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. लाकूड तोडणारा माणूस केवळ हावरट असतो असे समजणे सोपे आहे, पण ते खरे नाही. डग्लस फरचे रोप दाट सावलीत नीट वाढत नाही. त्यास उघडे आकाश लागते. निसर्गात मोठमोठे वणवे हे काम करीत. म्हणून तेथल्या वनाधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, एकेक झाड निवडून काढण्यापेक्षा एक तुकडा सरसकट तोडावा आणि तेथे नवी लागवड करावी, हेच या झाडाच्या स्वभावाला धरून आहे. आपल्या वनखात्याच्या भाषेत ज्याला कूप म्हणतात तसाच हा प्रकार, मात्र साफ केलेला. शिवाय १९०८ च्या एका कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्थानिक शाळा व रस्ते यांसाठी दिला जाई. म्हणजे लाकूड पडले तर खेड्यातली शाळा चाले. अशा गावात जाऊन ‘माशांसाठी झाडे राखा’ असे सांगणाऱ्याला ऐकून कोण घेणार?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे ओढ्यांचे हाल झाले ते तर ऐकवत नाहीत. रस्ते नव्हते, तेव्हा लाकूड खाली आणावयाचे साधन पाणी हेच. ओढ्यावर लाकडी बंधारा घालावयाचा, मागे पाणी तुंबवावयाचे, त्यात ओंडके जमवावयाचे आणि एके दिवशी बंधारा एकदम मोकळा करावयाचा. पाण्याचा व ओंडक्यांचा तो लोंढा खाली जाताना तळाचे गोटे, डोह, काठ सारे खरवडून नेई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रीत कोठे ना कोठे चालू होती. कित्येक ओढ्यांचा तळ आजही उघडा खडक आहे, यास बऱ्याच अंशी हे कारण.

पुढे रस्ते आले, ट्रक आले, लोखंडी दोरांनी ओंडके ओढणारी यंत्रे आली, आणि तोड ओढ्याच्या अगदी काठापर्यंत भिडली. मासे कमी होऊ लागले. मच्छीमार वनवाल्यांना दोष देत, वनवाले मच्छीमारांच्या जाळ्यांना. दोघांकडेही आकडे नव्हते. अशा वेळी ऑरेगनमधल्या काही संशोधकांनी जी गोष्ट केली ती मला या सर्व इतिहासात मोलाची वाटते. त्यांनी कोणाचीही बाजू न घेता मोजावयास प्रारंभ केला, आणि तोही तोड होण्याच्या कित्येक वर्षे आधी.

ऑल्सी नदीच्या खोऱ्यात, समुद्रापासून फार दूर नसलेले, शेजारशेजारचे तीन लहान ओढे त्यांनी निवडले. नीडल ब्रँच हा सर्वांत लहान. त्याचा पाणलोट दोनशे एकरांहूनही कमी. डियर क्रीक आणि फ्लिन क्रीक हे त्याहून मोठे. १९५९ च्या सुमारास मोजणी सुरू झाली. किती पाणी वाहते, किती गाळ येतो, पाण्याची उष्णता किती, किती मासे वर चढले, किती पिले समुद्राकडे गेली, याची नोंद वर्षानुवर्षे होत राहिली. सात वर्षे असे मोजून झाल्यावर, १९६५ मध्ये रस्ते काढले आणि १९६६ मध्ये कुऱ्हाड चालवली. फ्लिन क्रीकला हात लावला नाही; तो तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला. डियर क्रीकच्या पाणलोटात सुमारे चतुर्थांश भागातील झाडे तुकड्यातुकड्यांनी तोडली, पण ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडांची व झुडपांची पट्टी राखली. नीडल ब्रँचवर मात्र काठापर्यंत सरसकट तोड केली आणि पालापाचोळाही जाळला. त्यानंतर १९७३ पर्यंत मोजणी चालू राहिली. पंधरा वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा! सरकारी अनुदानाच्या वार्षिक हिशेबात ही चिकाटी कशी बसवली असेल, याचेच मला राहून राहून आश्चर्य वाटते.

निष्कर्ष काय निघाला? नीडल ब्रँचच्या पाण्याची वर्षातली कमाल उष्णता तोडीपूर्वी ५७ अंश फॅरनहाइट असे. तोडीनंतर एका वर्षाने ती ८५ अंशांवर गेली. सेल्सिअसच्या मापाने सांगावयाचे तर सुमारे १४ अंशांवरून २९ अंशांवर. सामनाच्या कुळातल्या माशाला हे पाणी म्हणजे तापलेला तवा. याउलट डियर क्रीकच्या पाण्यात तोडीमुळे झाली म्हणावी अशी उष्णतावाढ आढळली नाही. उष्णतेचा अभ्यास करणारे जॉर्ज ब्राउन यांनी गणिताने दाखवून दिले की, लहान ओढ्याचे पाणी तापते ते भोवतालच्या उबदार हवेने नव्हे, तर मुख्यतः थेट पडणाऱ्या उन्हाने. म्हणजे डोंगरावर किती झाडे उरली यापेक्षा पाण्यावर सावली धरणारी झाडे उरली की नाही, यास उष्णतेच्या बाबतीत महत्त्व अधिक. हे कळणे ही फार मोठी गोष्ट होती. कारण सावली धरणारी झाडे ही एकूण रानाचा अगदी थोडा भाग असतात, आणि तेवढा भाग सोडून द्यावयाचा तर व्यवहाराची बोलणी होऊ शकतात.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. तोडीच्या उन्हाळ्यात नीडल ब्रँचमध्ये फांद्या व पाला कुजू लागून पाण्यातला प्राणवायू घटला. गाळाच्या बाबतीत झाडे तोडण्याइतकाच, किंबहुना कित्येक ठिकाणी अधिक, दोष डोंगरात खोदलेल्या रस्त्यांचा निघाला. डियर क्रीकमध्ये काठपट्टी असूनही रस्त्याची दरड ढासळली तेव्हा गाळ आलाच. माशांचे म्हणाल, तर गळ्याखाली तांबडी रेघ असलेल्या कटथ्रोट ट्राउट या माशाची संख्या नीडल ब्रँचमध्ये पूर्वीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर आली. कोहो सामनाची पिले मात्र अपेक्षेइतकी घटली नाहीत. संशोधकांनी हेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपल्या बाजूस गैरसोयीचा आकडा लपवावयाचा नाही, हे पथ्य पाळल्यामुळेच पुढे लाकूडवाल्यांनाही त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा लागला. १९७१ मध्ये ऑरेगनने वनकामाचे नियमन करणारा कायदा केला. त्या देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. ओढ्याकाठी झाडांची पट्टी राखण्याच्या कल्पनेमागे ऑल्सीचे आकडे उभे होते.

पण शास्त्रालाही चकवा बसतो. साधारण त्याच काळात मत्स्यखात्याचे लोक ओढ्यांत पडलेले ओंडके व लाकडांचे ढीग उपसून काढीत होते. हेतू चांगला होता. वर चढणाऱ्या माशांची वाट मोकळी व्हावी. वर्षानुवर्षे हे सफाईचे काम चालले. मग १९७० नंतरच्या संशोधनात हळूहळू ध्यानात आले की, ओढ्यात आडवा पडलेला जुना वृक्ष हीच तर माशांची घरबांधणी. त्याच्यावरून पाणी कोसळते म्हणून खाली डोह होतो, त्याच्या मागे खडे साठतात म्हणून अंडी घालावयास जागा मिळते, त्याच्या फांद्यांखाली पुराच्या वेळी पिले टिकतात. ज्यांनी माशांच्या कळवळ्याने ओंडके काढले त्यांनी माशांचीच घरे मोडली होती. पुढच्या काळात यंत्रे लावून तेच ओंडके परत ओढ्यांत टाकण्याचे काम सुरू झाले, आणि ते आजही चालते. काठावरची पट्टी सावलीपुरती राखून भागत नाही, हा यातून निघालेला धडा. उद्या कोलमडून पाण्यात पडतील असे मोठे वृक्षही त्या पट्टीत वाढू दिले पाहिजेत. अर्थात पट्टी रुंद झाली, आणि भांडण पुन्हा पेटले.

येथे एक उलटी देवघेवही सांगितली पाहिजे. सामन समुद्रात वाढतो आणि ओढ्यात येऊन मरतो. म्हणजे समुद्रातले सत्त्व तो डोंगरावर आणून टाकतो. अस्वले मासे ओढून रानात नेतात, अर्धे खातात, अर्धे टाकतात. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनची एक विशिष्ट खूण शास्त्रज्ञांना ओळखता येते, आणि ती खूण अलास्कात ओढ्याकाठच्या स्प्रूस वृक्षांत सापडली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर, ज्या काठांवर सामन अंडी घालावयास येतात तेथले स्प्रूस अधिक वेगाने वाढतात, असे दिसून आले. झाड माशाला सावली देते, आणि मासा झाडाला खत. आपण मात्र या दोहोंचे हिशेब दोन निरनिराळ्या खात्यांच्या वह्यांत लिहीत आलो.

वन्य प्राण्यांचा प्रश्न याहून अवघड निघाला, कारण त्यांना काठाची पट्टी पुरत नाही. ठिपकेदार घुबड जुन्या, दाट, अनेक थरांच्या रानात राहते; पोकळ खोडे आणि मोडकी शेंडी असलेले वृक्ष त्यास घरट्यासाठी लागतात. मर्लेट नावाचा एक लहानसा समुद्रपक्षी आहे. तो मासे समुद्रात धरतो, परंतु घरटे कोठे करतो हे पक्षिशास्त्रज्ञांना फार काळ कळेना. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एका प्रचंड वृक्षावर, सुमारे दीडशे फूट उंचीवर, शेवाळलेल्या रुंद फांदीवर त्याचे पिलू सापडले. असली फांदी तयार होण्यास शेकडो वर्षे जावी लागतात. साठ वर्षांनी एकदा तोडल्या जाणाऱ्या लागवडीत ती कधीच सापडावयाची नाही. १९९० मध्ये घुबडाची आणि १९९२ मध्ये मर्लेटची धोक्यात आलेल्या जातींत नोंद झाली. १९९१ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय वनांतील घुबडाच्या अधिवासातली लाकूड-विक्री रोखून धरली. गिरण्या बंद पडू लागल्या. यंत्रांमुळे व जुने रान संपत आल्यामुळे कामगारांची संख्या आधीपासूनच घटत होती हे खरे. पण ज्याची गिरणी बंद झाली त्याला या कारणमीमांसेने दिलासा मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या करवतीवर जगलेल्या गावांनी घुबडाला आपला शत्रू मानले, आणि त्यांचा संताप मला तरी समजू शकतो.

१९९३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पोर्टलंड शहरी सर्व पक्षांना एकत्र बोलावले, आणि १९९४ मध्ये त्या संपूर्ण प्रदेशातील सुमारे अडीच कोटी एकर सरकारी वनांची एक योजना तयार झाली. काही रान जुने होण्यासाठी राखून ठेवले, काही तोडीस मोकळे ठेवले, आणि मासे असलेल्या ओढ्यांच्या दोन्ही काठांना प्रथमदर्शनी तीनशे फुटांपर्यंत पट्टी राखली. या पट्ट्यांनी ओढ्यांचे पुष्कळ हित केले. घुबडाला मात्र पुरेसे तारले नाही. पूर्वेकडून पसरत आलेले दुसऱ्या जातीचे धिप्पाड घुबड त्यास हुसकावून लावू लागले, आणि संख्या घटतच राहिली. रान राखले म्हणजे त्यातला प्रत्येक जीव राखला गेला, असे होत नाही.

श्रोत्यांच्या मनात येईल की, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? तीनशे फुटांचा आकडा उचलून मेळघाटात किंवा दांडेलीत लावता येणार नाही, हे उघड आहे. तेथले ओढे बारमाही व थंड, आपले बहुतेक ओढे दिवाळीनंतर आटू लागणारे. आपल्या माशांना सामनाएवढे गार पाणीही लागत नाही. परंतु चैत्र-वैशाखात ओढा तुटून त्याचे डोह उरतात, आणि पुढच्या वलगणीचे बीज त्या डोहांतच तग धरून असते. त्या डोहांवर कोणाची सावली आहे, हा प्रश्न आपलाही आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेखेरीज वनांतील तोडीस बंदी केली. म्हणजे कोठे तोडावयाचे आणि कोठे नाही याचे उत्तर त्या आयोजनेच्या कागदांत शोधावे लागते. सह्याद्रीतल्या आपल्या पूर्वजांनी हे उत्तर कागदावर लिहिले नव्हते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतल्या कितीतरी झऱ्याच्या उगमाशी आहेत. डोंगर उघडा झाला तरी पाण्याच्या डोक्यावरचे रान देवाच्या धाकाने उभे राहिले. धाक ओसरला तेव्हा ते का राखावयाचे, हे सांगणारे आकडे मात्र आपल्याजवळ फारसे जमलेले नव्हते.

नीडल ब्रँचची गोष्ट अजून संपलेली नाही. १९६६ च्या तोडीनंतर लावलेली झाडे चाळीस वर्षांनी पुन्हा तोडीस आली. तेव्हा पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी तीच मोजणी पुन्हा मांडली, आणि २००९ मध्ये वरच्या भागात, तर २०१४ मध्ये खालच्या भागात तोड झाली. या वेळी कायद्याप्रमाणे काठाची झाडे राखलेली होती. १९६६ नंतर पाण्याची उष्णता जशी चढली होती तशी ती या वेळी चढली नाही. त्यानंतर २०२१ मध्ये ऑरेगनमधल्या लाकूड-कंपन्या व निसर्गसंरक्षक संस्था यांनी आपसांत तडजोड केली आणि २०२२ मध्ये तेथल्या विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. खासगी वनांतल्या काठपट्ट्या रुंद झाल्या, जुन्या रस्त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी ठरली, आणि ज्यांची मालकी थोड्या एकरांची आहे त्या लहान मालकांना राखलेल्या झाडांबद्दल करात सवलत मिळाली. ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला, जेथे मासा पोहोचत नाही पण जेथून खालचे गार पाणी येते, तेथे किती झाडे ठेवावयाची, यावर त्या मंडळींची घासाघीस सर्वांत अधिक झाली असावी, असे आपला कोणताही बांधावरचा शेतकरी सहज सांगेल.